विषय: नानांच्या गाडीचं सेंटर लॉक (मुक्काम अमळनेर)

मंडळी, नमस्कार.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आलोय, अजून दोन आठवडे इथेच आहे. आपल्या मंडळात अर्धी माणसं गाड्यांच्या धंद्यातली, म्हणून इथेच विचारतो.

नानांची गाडी २००५ ची. काचा हाताने फिरवायच्या. सेंटर लॉक नंतर बाहेरून बसवून घेतलेलं. ड्रायव्हरच्या दाराला किल्ली फिरवली की पुढचं डावं दार लागतं, मागचं उजवं ढिम्म हलत नाही, मागचं डावं त्याच्या मनात आलं तर लागतं. परवा धुळ्याच्या वाटेवर चालत्या गाडीत लॉक आपोआप खटखट खालीवर व्हायला लागले. मागे बसलेली आई घाबरून गेली. फ्यूज दोनदा उडाला, दोन्ही वेळा लॉक करतानाच. सकाळी त्यातल्या त्यात बरं चालतं, दुपारी ४४ अंशांत नावच सोडा.

वायरिंगवाला म्हणतो, चारही मोटरी आणि बॉक्स, सगळा सेट बदला. नाना म्हणतात, "गाडी बठ्ठी चांगली शे, फक्त दार रुसेल शे."

काय करू?

– दादू

---

उत्तर: नानांच्या गाडीचं सेंटर लॉक

दादू,

आधी एक पैसा खर्च करू नकोस. चार मोटरी एकाच उन्हाळ्यात मरत नाहीत. तुझ्याकडे एक नाही, दोन-तीन वेगवेगळे बिघाड एकत्र नांदतायत, म्हणून घोळ वाटतो.

बाहेरून बसवलेल्या सेटमध्ये बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मोटर असते आणि बाकी दारांत दोन वायरींची. दोन वायरी मोटर फिरवायच्या: करंट एका बाजूने दिला की लॉक, उलटा दिला की अनलॉक. ड्रायव्हरकडच्या उरलेल्या तीन वायरी आतल्या स्विचच्या. 'मी लागलो', 'मी उघडलो' हा निरोप बॉक्सला, म्हणजे सगळ्या दारांना हुकूम देणाऱ्या डबीला, त्या पोचवतात. निरोपच खोटा गेला तर बॉक्स बिचारा चारही दारं नाचवणार. तुझी खटखट तिथली आहे.

आता दार पूर्ण उघड. दार आणि खांब यांच्या मध्ये, बिजागऱ्यांजवळ, काळी घडीची रबरी नळी दिसेल. तिच्यातून वायरी जातात, आणि वीस वर्षं दार उघडून-लावून त्या तिथेच मोडतात, तेही ड्रायव्हरच्या दारात सगळ्यांत आधी. खांबाकडचं टोक बोटाने सोडव, रबर मागे सार आणि एकेक वायर हलकेच ओढून बघ. जी रबरासारखी ताणली जाते तिच्यातलं तांबं आतून तुटलंय, वरचं आवरण धड दिसलं तरी. ओढून कळलं नाही तर एकाने दार सावकाश उघडझाक करायचं आणि दुसऱ्याने लॉकचा आवाज ऐकायचा. ठराविक कोनातच खटखट झाली की समज.

फ्यूजचंही ऐक. मोटरीच्या दोन्ही वायरी एरवी अर्थवरच, म्हणजे गाडीच्या पत्र्यालाच जोडून, पडून असतात, लॉक होतानाच्या अर्ध्या-एक सेकंदापुरता एकीत करंट येतो. एखादी वायर सोलून पत्र्याला टेकत असली तरी एरवी काही होत नाही, बटण दाबलं की फ्यूज जातो. तू "लॉक करतानाच" लिहिलंस, ते फार कामाचं लिहिलंस.

मागच्या उजव्या दाराचं पॅड काढावं लागेल. काच फिरवायच्या हँडलमागे घोड्याच्या नालासारखी क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या फटीत फडकं घालून बूट पुसल्यासारखं पुढेमागे ओढ, ती सुटते. दुसरा हात वर धर, नाहीतर क्लिप उडते आणि सापडत नाही. मग मोटरीचा प्लग काढून तिथे १२ व्होल्टचा छोटा बल्ब लाव आणि कुणाला तरी पुढून लॉक करायला सांग. डिजिटल मीटर वापरू नकोस, इतका छोटा झटका त्याला नीट पकडता येत नाही. बल्ब लुकलुकला म्हणजे वायर ठीक, दोष दारात. मोटरीची सळई सोडवून बघ: मोटर एकटी नीट मागेपुढे होत असेल तर लॅच (दार पकडून धरणारा खटका) जाम आहे. खानदेशची धूळ आणि जुनं ग्रीस मिळून तिथे पेंड होते.

दुपारचं म्हणशील तर, बऱ्याच मोटरींत जास्त तापलं की करंट अडवणारा तुकडा असतो. उन्हात भाजलेल्या दारात तू दहा वेळा बटण दाबलंस की तो आणखी लवकर अडवतो. सगळी चाचणी सकाळी सहाला कर, आणि दोन झटक्यांमध्ये श्वास घेऊ दे तिला.

– बापूकाका

---

उत्तर: नानांच्या गाडीचं सेंटर लॉक

बापूकाकांना पुरवणी. नळीच्या आत सोल्डरचा डाग देऊ नकोस. डागाजवळ वायर ताठ होते आणि त्याच्याच कडेला पुन्हा मोडते. मऊ, बारीक तारांची नवी वायर नळीतून आरपार घाल आणि जोड दोन्हीकडे नळीच्या बाहेर, एका ओळीत न येता मागेपुढे. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढ.

आणि हे होईपर्यंत मुलांना गाडीत एक मिनिटही एकटं ठेवू नका. आईंना दाखवून ठेव की आतली खुंटी हाताने वर ओढता येते. आमच्याकडे मिशिगनला थंडीत लॉक गोठतात, पण खानदेशातल्या मे महिन्यातल्या बंद गाडीची धास्ती मला जास्त वाटते. धुळ्यात वाढलेय मी.

– माई

---

उत्तर: नानांच्या गाडीचं सेंटर लॉक

गाडी विकून टाक, शेवभाजी खा, परत ये.

– बंड्या

---

उत्तर: नानांच्या गाडीचं सेंटर लॉक

बंड्या, शेवभाजी झाली. गाडी विकायचं नानांसमोर तू बोलून दाखव.

काका, रबर मागे सारलं आणि हसूच आलं. स्विचची तपकिरी वायर पूर्ण तुटलेली, पांढरी सोललेली, आणि मोटरीची निळी खांबाच्या पत्र्यावर घासून काळी पडलेली. खटखट आणि फ्यूज, दोन्ही एकाच वितीत. माईने सांगितलं तसे जोड बाहेर घेतले. गावातल्याच दुकानातून वायर आणि टेप आणली, शंभराच्या दोन नोटांत सगळं झालं.

मागच्या उजव्या दारात बल्ब लुकलुकला. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद सोडवला तर सळईवर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, चांगलं मुठीएवढं, सळई त्यातच चिणलेली. ते दार वर्षभरात कुणी उघडलंच नव्हतं. माती खरवडली, लॅच धुऊन थोडं ग्रीस दिलं, पहिल्याच झटक्याला लागलं. क्लिप अर्थातच उडाली. तासभराने नानांच्या बाजेखाली सापडली.

मागचं डावं अजून आळशी आहे. वायर ठीक, लॅच मोकळा, मोटरच दमलेली दिसते. दोन वायरींची एकच मोटर धुळ्याहून आणतो. वायरिंगवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "मी म्हटलंच होतं, मोटर गेलीय."

नाना रात्री खाली गेले, एकदा किल्ली फिरवली, चारही दारांचा आवाज ऐकला. मग गाडीभोवती चक्कर मारून प्रत्येक हँडल ओढून बघितलं.

– दादू