जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये कोणतं ऑईल टाकू? बजेट ५०० (धारणी, मेळघाट)

रानवाट_धारणी: जुनी पेट्रोल जिप्सी आहे. शेताच्या रस्त्यात दोन नाले, काळ्या मातीत फोर-लो (चारही चाकांना जोर, वेग कमी) रोजचंच. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारं खोकं, त्याचं ऑईल कधी बदललं ते ठाऊक नाही. मिस्त्री म्हणतो एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑईल) टाका. ५०० च्या वर जमणार नाही. कोणतं घेऊ, अन् आधी तपासू कसं?

वणीवाला_बोलेरो: पैशाकडे पाहू नको भाऊ. फुल सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० (हा ऑईलच्या दाटपणाचा आकडा) घे, माझ्या गाडीत तेच आहे. लिव्हर एका बोटानं पडते.

ग्रीसगन: एटीएफ बिलकुल नको. ज्या ट्रान्सफरमध्ये साखळी असते तिथं बहुतेक एटीएफ लागतं. जिप्सीत गिअरला गिअर आहे, तिथं ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ (गिअर ऑईलचा दर्जा). गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्या. साधारण ८०० मिली बसतं, लिटरचा एक डबा पुरतो.

पुसद_जुनी_जीप: जीएल-५ घे. डिफरन्शियललेही (चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याले) तेच चालते, एकाच डब्यात काम.

ग्रीसगन: डिफरन्शियलला जीएल-५च लागतं, बरोबर. पण उरलेलं हमखास गिअरबॉक्समध्ये ओतलं जातं, अन् त्यातलं गंधक पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) खातं. मग गिअर टाकताना करकर. डबे वेगळे ठेवा.

पुसद_जुनी_जीप: आमच्या जीपमध्ये गिअरबॉक्स अन् ट्रान्सफर, दोन्ही खोकी चिकटलेली. मधलं सील गेलं की एकाची लेव्हल उतरते, दुसऱ्याची चढते. तुम्हीही दोन्हीकडचे बोल्ट उघडून पाहा.

ग्रीसगन: जिप्सीत ते होत नाही. ट्रान्सफर वेगळा टांगलेला असतो, मध्ये छोटा शाफ्ट.

भामरागड_रस्ता: तपासणी अशी करा. गाडी सपाट जागी. एकाच बाजूला जॅक लावला तर लेव्हल चुकते. आधी वरचा, भरायचा बोल्ट सोडवा. तो गंजून बसला असेल अन् तुम्ही खालचा आधी काढला, तर केस रिकामी अन् गाडी जागेवर. ऑईल छिद्राच्या खालच्या काठाशी, बोट घातलं की पेराला लागलं पाहिजे. पाणी शिरलंय का पाहायचं तर गाडी रातभर उभी ठेवा, सकाळी थंड असतानाच खालचा बोल्ट थोडा सैल करा. पाणी जड, तेच आधी गळतं. दुधाळ निघालं तर पाणी घुसळलं गेलंय. बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लेप चालतो, टोकदार कपचा दिसला तर केस खोला. नुसतं बदलायचं असेल तर दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम काढा, गाळ सोबत येतो.

वणीवाला_बोलेरो: मी पुन्हा सांगतो, सिंथेटिक.

भामरागड_रस्ता: पाणी शिरलं तर सिंथेटिकचंही दूधच होतं. गरम केस नाल्यात बुडाली की आतली हवा आकसते, ब्रीदर (केसमधली हवा आत-बाहेर जायचं छिद्र) चिखलानं बुजलेला असला तर सीलमधून पाणी ओढते. ब्रीदरला रबरी नळी जोडून बोनेटखाली उंच बांधा, तोंड खाली वळवा. ऑईलच्या आधी हे करा.

तिवसा_मिस्त्री: गळत नसेल तर उघडूच नका. वरून थोडं टाका, बस.

रानवाट_धारणी: आज सकाळी खालचा बोल्ट सैल केला. आधी चमचाभर पाणी, मग चहासारखं ऑईल. कपचा नाही. साधं मिनरल जीएल-४ आणलं, सिंथेटिक नाही अन् जीएल-५ही नाही. राहिलेलं पाणी निघावं म्हणून आठवडाभर चालवून तेही काढून टाकतो, मग दुसरा डबा. बजेट गेलंच. ब्रीदरची नळी उद्या.

वणीवाला_बोलेरो: दोन डब्यांच्या पैशात थोडी भर घातली असती तर सिंथेटिक आलं असतं.