सोसायटी ग्रुप: गेट, कॅमेरे आणि आपली १४१ मतं

रविवार, ११ जानेवारी २०२६

सेक्रेटरी पाटील (ए-४०१): नमस्कार मंडळी. गुरुवारच्या पुणे महापालिका निवडणुकीतल्या एका उमेदवाराची माणसं काल संध्याकाळी ऑफिसात येऊन गेली, नाव लिहीत नाही, ग्रुपवर उगाच भांडणं नकोत. म्हणणं असं की सोसायटीने एकगठ्ठा साथ दिली, म्हणजे प्रभागातल्या चारही जागांची बटणं त्यांच्या पॅनेललाच, तर मेन गेट नवीन करून देतील आणि पार्किंगला ८ कॅमेरे. तीन लाख दहा हजारांचं कोटेशनसुद्धा घेऊनच आले होते. कमिटीत तिघं हो म्हणाले, दोघं नाही, म्हणून इथे टाकतोय. मत द्या.

जाधव दादा (ए-१०४): घ्या की मग. दोन वर्षं गेट दोरीने बांधलंय. सगळेच घेतात, समोरच्यांनी पेव्हर ब्लॉक घेतले.

शिंदे वहिनी (बी-५०४): आणि ते हळदीकुंकू?? संक्रांत बुधवारी आहे आणि ह्या उमेदवाराच्या लोकांनी कालच उरकलं. वाण म्हणून स्टीलचा डबा, झाकणावर फोटो. मी आणला नाही 🙏

जाधव दादा (ए-१०४): वहिनी तुम्ही नाही आणला पण आमच्याकडे दोन आलेत 😄

देशपांडे सर (बी-१०३): पाटील, राग मानू नका, पण ह्याला गेट म्हणत नाहीत, लाच म्हणतात. भारतीय न्याय संहिता कलम १७०, आधी आयपीसीत १७१-ब होतं. देणारा अडकतोच पण घेणाराही त्यात येतो. उद्या कोणी तक्रार केली तर सही सेक्रेटरीची असणार.

सेक्रेटरी पाटील (ए-४०१): सर मी अजून कशावरही सही केलेली नाही, हे इथेच नोंद असू द्या.

मानसी (सी-२०१): कायदा बाजूला ठेवा, साधा हिशोब करूया. ३ लाख १० हजार, आपली मतं ३१० धरली तर माणशी हजार रुपये. पाच वर्षं म्हणजे ६० महिने. महिन्याला १६ रुपये ६६ पैसे. आणि टँकरवर सोसायटी महिन्याला किती घालवते ते मागच्या एजीएमच्या अहवालात पान ६ वर आहे, मी आकडा टाकत नाही, बघा आणि घाम पुसा.

रोहित (सी-७०२): १६ रुपयात कटिंग येतो. बिस्कीट नाही.

जाधव दादा (ए-१०४): टँकर काय नगरसेवक बंद करणार आहे का मानसी ताई. गेट तरी दिसेल डोळ्याला.

मानसी (सी-२०१): दादा आपण किरकटवाडीत राहतो. आठवतंय ना मागच्या वर्षी जानेवारीत काय झालं, जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे पेशंट, नांदेडगाव, धायरी, हाच सगळा सिंहगड रोडचा पट्टा, पाणी उकळून प्या म्हणून मेसेज, केंद्राची टीम आलेली. आपल्या बिल्डिंगमध्ये लहान पोरांच्या घरी लोक आंघोळीच्या पाण्यालाही घाबरत होते. गेट नवीन असतं तर त्यातून काय फरक पडला असता?

शिंदे वहिनी (बी-५०४): त्या महिन्यात मी जार आणून आणून पाठ मोडून घेतलेली

देशपांडे सर (बी-१०३): जरा सविस्तर लिहितो, वेळ असेल तर वाचा नाहीतर सोडा. आपली २३ गावं पालिकेत आली ३० जून २०२१ ला. तोपर्यंत ग्रामपंचायत होती, सरपंच रस्त्यात भेटायचा, त्याला थांबवून बोलता यायचं. पालिकेची मुदत संपली १४ मार्च २०२२ ला, म्हणजे आपण आलो आणि साडेआठ महिन्यांत सभागृहच संपलं, आणि तेव्हापासून प्रशासक. मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची, त्यात आपण नव्हतोच. म्हणजे गावाने पालिकेचा टॅक्स भरला पण नगरसेवक आजवर एकदाही निवडलेला नाही. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना ह्या सगळ्यावर कोर्टात चार वर्षं गेली, शेवटी सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घातली तेव्हा कुठे १५ तारीख उगवली. त्या पहिल्याच मताची किंमत आपण गेट ठरवतोय.

रोहित (सी-७०२): सर 👏 पण खरं सांगू का, मला वाटायचं महापालिका म्हणजे कमिशनर. नगरसेवक नक्की करतो काय? फ्लेक्स सोडून.

देशपांडे सर (बी-१०३): बजेटवर मुख्य सभेत हात वर करतो. पैसे कुठे जाणार ते स्थायी समितीत ठरतं. नगरसेवकाच्या नावाची कामं असतात, पुण्यात त्याला ‘स’ यादी म्हणतात, त्यातूनच ते बाक आणि कमानी येतात. बाक सगळ्यांना दिसतो, पाण्याच्या लाइनचा प्रस्ताव समितीत कोणी लावून धरला ते दिसत नाही, म्हणून लोक बाक मागतात. आणि तुम्हालाही करता येतं काहीतरी, पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवतात, फॉर्म भरायचा असतो. आपल्या सोसायटीतून आजवर किती जणांनी भरला?

रोहित (सी-७०२): 🤐

कदम (डी-३०३): मी भाड्याने राहतो तरी बोलू का

सेक्रेटरी पाटील (ए-४०१): बोला की, पाणी तुम्हीही तेच पिता

कदम (डी-३०३): मग माझं एवढंच की गेट घेतलं आणि तो माणूस पडला तर गेट परत नेणार का 😅

(जाधव दादांनी हा मेसेज डिलीट केला)

सोमवार, १२ जानेवारी

वॉचमन ऑफिस: साडेसातचा टँकर नऊला येईल. पाणी जपून.

सेक्रेटरी पाटील (ए-४०१): मंडळी गंमत ऐका. मी आज फोन करून सांगणार होतो की सोसायटी असा काही शब्द देत नाही, त्याआधी त्यांचाच फोन. “साहेब आम्ही यादी तपासली, तुमच्या सोसायटीची मतं १४१ च निघतायत. मग गेटचं नाही जमणार. कॅमेरे बघू, चार.”

मानसी (सी-२०१): 😂😂😂

जाधव दादा (ए-१०४): १४१?? १८० फ्लॅट आहेत!

सेक्रेटरी पाटील (ए-४०१): मी पण तेच म्हटलं. त्याने फोनवर विंगप्रमाणे वाचून दाखवलं. सी विंगमध्ये १९. मला इथे सहा वर्षं झाली सेक्रेटरी होऊन आणि ही माहिती मला बाहेरच्या माणसाकडून कळतेय, लाज वाटली खरंच.

देशपांडे सर (बी-१०३): लाज सगळ्यांनी वाटून घ्या. कोणाचं नाव कुठे आहे ते लिहा बरं, आज कळू दे.

रोहित (सी-७०२): औंध. तिथला फ्लॅट २०१९ ला सोडला.

शिंदे वहिनी (बी-५०४): माझं इथे, ह्यांचं दोन्हीकडे दिसतंय, सातारा रोडला आणि इथे. यादीत नावापुढे दोन चांदण्या आहेत, ते काय असतं?

जाधव दादा (ए-१०४): माझं लातूरला. आई म्हणते गावाकडे नाव राहू दे, जमिनीचं काही निघालं तर.

मानसी (सी-२०१): दादा जमिनीचा आणि मतदार यादीचा काय संबंध 🤦‍♀️ सातबारा वेगळा असतो

आर्या (सी-२०१): मी सप्टेंबरमध्ये १८ ची झाले, ऑक्टोबरमध्ये फॉर्म भरला, तरी माझं नाव नाही यादीत. असं कसं काय???

देशपांडे सर (बी-१०३): आर्या बेटा, तुझा फॉर्म वाया नाही गेला. मतदार यादी केंद्रीय निवडणूक आयोगाची असते, विधानसभेची. ही निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग, तो वेगळा, त्याच्याकडे स्वतःची यादी नाही. त्यांनी १ जुलै २०२५ ला जी विधानसभेची यादी होती तीच उचलली आणि प्रभागांत कापली. त्यानंतरचं नाव ह्या वेळी येत नाही, पुढच्या वेळी येईल. नोव्हेंबरमध्ये प्रारूप यादी लागली होती, हरकतीसाठी वेळ होता, पण तेव्हासुद्धा लिहिण्यातल्या चुका, चुकीच्या प्रभागात गेलेलं किंवा विधानसभेच्या यादीत असून सुटलेलं नाव एवढंच दुरुस्त होत होतं, नवीन नाव घालता येत नव्हतं. नवीन नाव फॉर्म ६, पत्ता बदलायचा तर फॉर्म ८, हे दोन्ही केंद्रीय आयोगाकडे भरायचे आणि ते वर्षभर भरता येतात. फक्त आपल्याला त्याची आठवण होते ती रिक्षावरचा भोंगा ऐकू आल्यावर.
वहिनी, दोन चांदण्या म्हणजे दुबार. शिंदेंना विचारतील कुठे मत देणार, बूथवर हमीपत्र लिहून घेतील की दुसरीकडे दिलं नाही. घाबरू नका, पण ओळखपत्र नक्की न्या.

आर्या (सी-२०१): हे खूप अनफेअर आहे. सोसायटीत बजेटबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा, मत नाही तरी तोंड आहे 😤

शिंदे वहिनी (बी-५०४): ये गं, प्रश्न तूच लिही

मंगळवार, १३ जानेवारी

आर्या (सी-२०१): काल रात्री सगळ्यांशी बोलून तीन प्रश्न काढले. १) आमच्या भागात पाइपलाइनचं पाणी किती लिटर आणि कधी, २) ड्रेनेज लाइन कुठे जोडणार, सध्या ओढ्यात जातंय, ३) निवडून आलात तर सहा महिन्यांतून एकदा इथे खुर्ची टाकून बसणार का. चारही जागांचे जेवढे उमेदवार आहेत त्या सगळ्यांना हेच प्रश्न पाठवलेत, एकाला नाही पाठवलं असं नको. सध्या तीन उत्तरं आलीत, एकात फक्त 🙏🙏 आहे.

रोहित (सी-७०२): बरं एक कबुली. मी दापोली बुक केलंय. बुधवार संक्रांत, गुरुवार सुट्टी, शुक्रवारी रजा टाकली की पाच दिवस. आणि मत तर औंधला

शिंदे वहिनी (बी-५०४): औंध दापोलीपेक्षा जवळ आहे ना

मानसी (सी-२०१): 🔥

देशपांडे सर (बी-१०३): मतदान सकाळी साडेसातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत. साडेसातला रांगेत उभा राहा, आठला बाहेर पडशील, दुपारी दापोली.

जाधव दादा (ए-१०४): सर तुम्ही शाळेत असताना इलेक्शन ड्युटी केली ना, ते चार बटणांचं एकदा नीट सांगा. विधानसभेला एकच बटण असतं.

देशपांडे सर (बी-१०३): सांगतो, नीट वाचा कारण दरवेळी लोक इथेच गोंधळतात. आपला प्रभाग चार सदस्यांचा. पुण्यात एकूण ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक, एकच प्रभाग पाच जणांचा आहे. मुंबईत वॉर्डाला एकच असतो, म्हणून मुंबईच्या नातेवाइकाचं ऐकू नका. आत गेलात की मशीन एक नसतं, उमेदवार जास्त असले की दोन-तीन-चार ओळीने मांडलेली असतात. चार जागा, अ, ब, क, ड, आणि रंगाने वेगळ्या, पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. प्रत्येक रंगात एकदाच बटण दाबायचं. ‘अ’चा उमेदवार फक्त ‘अ’वाल्यांशीच लढतो, त्यामुळे एकाच जागेतले दोन आवडले तरी एकालाच मिळेल. चारही एकाच पक्षाला दिले तरी चालतं, चार वेगवेगळ्यांना दिले तरी चालतं, ह्यात पॅनेलवाला रागावतो, मशीन रागावत नाही. एखाद्या जागेत कोणीच पटत नसेल तर त्या रंगात शेवटी नोटा आहे. एक-दोन दाबून निघून जाऊ नका, चारही झाल्याशिवाय मोठा बीप येत नाही आणि बाहेर बसलेले आमच्यासारखे मास्तर ओरडतात. आणि चिठ्ठी दिसत नाही म्हणून घाबरू नका, ह्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतं. मोबाइल घरी ठेवा.

जाधव दादा (ए-१०४): म्हणजे ‘क’ मध्ये मी वेगळा पण देऊ शकतो?

देशपांडे सर (बी-१०३): तुमची चार मतं आहेत, पॅनेलवाल्या भाऊंचं त्यातलं एकही नाही.

जाधव दादा (ए-१०४): 🙂 पण माझं लातूरला आहे ना सर. तिथेही गुरुवारीच मतदान आहे, म्हणजे बुधवारी रात्रीची गाडी बघावी लागेल.

गुरुवार, १५ जानेवारी

रोहित (सी-७०२): ७:५५. औंध डन ✅ चार बटणांची भानगड खरी आहे, माझ्या पुढचा माणूस दोन दाबून निघालेला, परत पाठवला. निघालो दापोली.

शिंदे वहिनी (बी-५०४): ह्यांचं हमीपत्र झालं, पाच मिनिटं लागली. तिथल्या बाई म्हणाल्या आज सकाळपासून असे बरेच आले

मानसी (सी-२०१): मार्करने खूण केली बोटाला, शाईची बाटली नाही. बातम्यांमध्ये पुसली जाते म्हणून गोंधळ चाललाय

देशपांडे सर (बी-१०३): मार्कर नवीन नाही, आयोग म्हणतो २०११ पासून आहे. पुसून परत जायचं तर यादीतल्या सहीचं काय करणार तो माणूस. तरी पुसली जात असेल तर चौकशी व्हायला हवी, ह्यात दुमत नाही.

जाधव दादा (ए-१०४): लातूर. मत दिलं. आईला सांगितलं पुढच्या वेळी पुण्यात. आई रुसलीये.

सेक्रेटरी पाटील (ए-४०१): आपल्या यादीतले १४१ पैकी १०४ जाऊन आले, गेटवरच्या वहीत सही केलेले फक्त धरलेत. उरलेल्यांना सुट्टी लखलाभ. रविवारी ११ वाजता क्लबहाऊसला फॉर्म ६ आणि ८ भरायला आर्या बसतेय, आधार आणि लाइटबिल आणा. भाडेकरूंनीपण या.

कदम (डी-३०३): मी येतो, अॅग्रीमेंट चालतं का?

आर्या (सी-२०१): हो काका, रजिस्टर्ड असेल तर घेऊन या. आणि झेरॉक्स घरूनच काढून आणा, क्लबहाऊसच्या मशीनमध्ये शाई नाही.

वॉचमन ऑफिस: टँकर आला. आधी ए विंग का बी?

शिंदे वहिनी (बी-५०४): बी!! कालही ए आधी भरली होती