मदत हवी आहे : वाळीत टाकल्याची तक्रार पोलीस नोंदवून घेत नाहीत

नमस्कार मंडळी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मी कामानिमित्त ठाण्यात. पायवाटेच्या वादावरून गावकीने घर वाळीत टाकलंय. यंदा शिमग्याला आईने अंगण सारवून, रांगोळी घालून, ओटीचं ताट तयार ठेवलं होतं. ग्रामदेवतेची पालखी दारावरून सरळ पुढे गेली. आई ताट धरून तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने दळणाचा डबा परत केला, बोलला तर त्यालाही दंड म्हणे.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा 2017 पासून लागू आहे. 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र. तरी गावाकडच्या पोलीस ठाण्यात फक्त एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली, वर "गावात मिटवा" हा सल्ला. मिटवायचं कुणाशी? ज्यांनी टाकलं त्यांच्याशीच?

कायद्यात थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, असं वाचलंय. कुणी केली आहे का? गावकीचा ठराव तोंडी आहे, कागद नाही, साक्षीला कुणी येणार नाही. फोनवरचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालेल का? की आधी एसपींना (जिल्हा पोलीस अधीक्षकांना) लेखी द्यावं? रत्नागिरी-चिपळूणकडे अशी प्रकरणं लढलेले वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा. आई तिथे एकटीच आहे.