डोळ्यांना धारा, आणि डॉक्टर म्हणतात कोरडे!

काजबटण:
वय 51, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. घरीच ब्लाउज शिवते. दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि पंख्यासमोर बसलं की धारा लागतात. गिऱ्हाईक विचारतं, "काय ओ ताई, रडताय का?" परवा सुईचं नेढंच दिसेना. दोनदा डोळे मिचकावले की दिसतं, परत धूसर. डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी चांगली भिजली, तरी म्हणे कोरडे डोळे! मैत्रीण म्हणते हॉर्मोनच्या गोळ्या सुरू कर, घामही थांबेल नि डोळेही सुधारतील. घेऊ का?

नंबरवाला:
डोळे तपासणं हेच माझं काम. अश्रूंवर तेलाचा पातळ थर असतो, तो पापणीच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथी सोडतात. तेल कमी पडलं की पाणी उडून जातं, डोळा चुरचुरतो, मग धार लागते. ती काही टिकत नाही. या ग्रंथींना अँड्रोजेन हे पुरुषी हॉर्मोन लागतं (बायकांतही असतं, वयाबरोबर घटतं). मैत्रीण म्हणते त्या गोळ्यांत इस्ट्रोजेन हे बायकी हॉर्मोन असतं, त्याचा परिणाम उलटा दिसतो. 2001 साली अमेरिकेत 25,000हून जास्त बायकांची पाहणी छापून आली. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कोरड्या डोळ्यांची शक्यता 69 टक्क्यांनी जास्त निघाली, सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं बायकी हॉर्मोन घेणाऱ्यांत 29. घामासाठी गोळ्या हव्या तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, डोळ्यांसाठी म्हणून नकोच. पापण्यांतलं तेल सुटायला गरम शेक घ्या.
तोंड कोरडं पडतं का? पाण्याशिवाय भाकरी उतरत नाही असं? तसं असेल तर शोग्रेनची तपासणी करा (शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू नि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार). त्याचे दहातले नऊ पेशंट बायकाच असतात.

दोनलेकरं:
मला गरोदरपणी सातव्या महिन्यात कॉन्टॅक्ट लेन्स सहन होईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॉर्निया, म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा, किंचित सुजतो, त्याचा बाकही बदलतो, आत्ता नवा नंबर काढू नकोस. तरी मी हट्टाने चष्मा केलाच. बाळंतपणानंतर जुनाच नंबर परत आला, नवा चष्मा कपाटात.

काजबटण:
भाकरी व्यवस्थित उतरते, जरा जास्तच! ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून अस्तराच्या उरलेल्या तुकड्याची पिशवी शिवून तांदूळ भरले. तव्यावर किती वेळ ठेवायची?

नंबरवाला:
कोमट होईपर्यंतच. आधी मनगटाला लावून बघा, मग मिटल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं. आणि तो पंखा तोंडावरून हलवा हो.