हात काय करत होते? (लॉकडाऊनमधल्या डिझाईनवाल्यांसाठी अनुभव धागा)

परवा माळा आवरताना बुटांच्या खोक्यात साबणाची वडी सापडली. कपडे धुवायचा निळा साबण. अंगठा बसेल असा एक खोलगट भाग, कडांना गोलाई, बटणाच्या जागी टोचलेली टाचणी. मे २०२० मधला माझा टॉर्च.

प्रॉडक्ट डिझाईनचं तिसरं वर्ष होतं. मार्चच्या मध्याला "३१ तारखेपर्यंत सुट्टी" म्हणाले, म्हणून दोन टी-शर्ट घेऊन पुण्याहून लातूरला आलो. मॉडेलचा फोम, कटर, सँडपेपर सगळं हॉस्टेलच्या कपाटात. पुढे हॉस्टेलचं विलगीकरण केंद्र झालं आणि कपाटाची किल्ली नोव्हेंबरपर्यंत माझ्या खिशात नुसती वाजत राहिली.

ऑनलाइन ज्युरीत, म्हणजे काम दाखवायच्या परीक्षेत, वडी कॅमेऱ्यासमोर धरली. "जरा फिरव... अजून... फ्रीझ झालास." टॉर्च मुठीत कसा बसतो एवढाच माझा प्रोजेक्ट, आणि तो मुठीत घेणारं पलीकडे कुणी नाही. घेतला तो आईने. म्हणाली, "हात ओले असले की निसटेल रे." साबणच तो, निसटणारच! पण तिचा मुद्दा बरोबर होता. कडेच्या खाचा तिच्यामुळे आल्या.

म्हणून हा धागा. कुठल्याही शाखेचे असा, त्या दोन वर्षांत काय बनवलंत, कशातून बनवलंत आणि काय राहून गेलं ते लिहा. कॉलेजांची नावं नकोत. 'संकटातून संधी' छापाचं लिहायचं असेल तर त्यासाठी लिंक्डइन आहे.

शिरोरेषा

अप्लाइड आर्ट, शेवटचं वर्ष, मुंबई. घर अंबाजोगाईपासून आत, खेड्यात. प्रोजेक्ट होता चहाच्या ब्रँडची जाहिरात मोहीम, होर्डिंगसकट. इकडे रस्त्यावर कुत्रंही नाही, होर्डिंग कुणासाठी करू?

आमच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. शेजारी पत्र्याचा बोर्ड, ऑइलपेंटने लिहिलेला: 'गावबंदी. बाहेरच्याने आत येऊ नये, आतल्याने बाहेर जाऊ नये.' लिहिणाऱ्याने शिरोरेषा आधी एका दमात ओढून घेतली होती आणि अक्षरं मागाहून तिला टांगली होती. जागा संपली म्हणून शेवटचं 'नये' कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. मी त्या 'नये'च्या प्रेमात पडले.

मामा, मावश्या, वर्गमैत्रिणी, सगळ्यांना सांगितलं की तुमच्या गावच्या बोर्डाचा फोटो पाठवा. ४३ आले. चुन्याने, कोळशाने, गेरूने, एक तर ट्रॅक्टरच्या उरलेल्या लाल रंगाने. पेपरांत काही 'करोना' छापायचे, काही 'कोरोना'. बोर्डांतही तेच दोन पंथ. ऱ्हस्व-दीर्घाचं सोडा. पण घाबरलेला माणूस अक्षर मोठं काढतो आणि रफार विसरतो, हे मला कुठल्या टायपोग्राफीच्या तासाला कळलं नसतं.

आमचा बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकाकांच्या हातात कित्येक वर्षांनी ब्रश आला होता. फ्लेक्सने त्यांचं काम खाल्लं, आणि आता तालुक्याचा फ्लेक्सवालाच बंद. त्यांनी मला डाव्या हातात काठी आडवी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवायला शिकवलं. मजुरी म्हणून त्यांना ज्वारी मिळाली. मी शिकवणीची काही दिली नाही, ते अजून मनात आहे.

गाइड म्हणाले, "छान आहे, पण यात कॅम्पेन कुठाय?" मार्क बेताचे. मग परीक्षा होणार की नाही हा घोळ, २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि ऑक्टोबरमध्ये घरबसल्या चार पर्यायांचे प्रश्न. इतकी वर्षं ब्रश धरायला शिकले आणि पदवी गोलावर टिचकी मारून मिळाली.

एकशेसाठ

इंटिरियर, दुसरं वर्ष. पहिलीच ऑनलाइन असाइनमेंट: आपापल्या घराची मापं घेऊन प्लॅन काढा, स्केल १:५०.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. खोली १६० चौरस फूट, माणसं पाच. १:५० ला माझं घर पोस्टकार्डापेक्षा लहान आलं. वर्गातल्या एकीची गच्चीच आमच्या खोलीपेक्षा मोठी होती. मी दोन दिवस शीट अपलोड केलं नाही. नेटवर्कचं कारण सांगितलं, तेव्हा ते सगळ्यांनाच चालायचं.

मग तोच प्लॅन सहा वेळा काढला, सहा वेगळ्या वेळांचा. पहाटे साडेचारला बाबा बेस्टच्या ड्युटीला निघतात, तेव्हा दाराजवळची दोन फूट जागा त्यांची. अकरा वाजता पलंग म्हणजे माझा वर्ग. एक वाजता तिथेच ताटं. तीनला भावाची शाळा, म्हणून मी गॅलरीत, कान संडासाच्या रांगेकडे. रात्री दहाला पलंगावर दोघं, खाली तिघं. सरांनी विचारलं, "पण फर्निचर हलताना दिसत नाही?" म्हटलं, "सर, फर्निचर जागेवरच असतं. आम्ही हलतो."

त्यानंतर सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. किंवा त्यांचंही नेट गेलं असेल.

१ ऑगस्ट २०२१ ला चाळीच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. ५०० चौरस फूट मिळणार म्हणून तेव्हापासून आई रोज माझ्याकडून देवघराची जागा बदलून घेते.

मागवाल्यांची

येवल्याला पैठणीच्या विणकरांकडे तीन आठवडे राहून डॉक्युमेंटेशन करायचं होतं. रद्द. कॉलेज म्हणालं, घराजवळचं काहीतरी घ्या. घर इचलकरंजीत. मागच्या शेडमध्ये आमचेच आठ यंत्रमाग, पण त्यांच्याकडे 'क्राफ्ट' म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं. जन्मापासून त्या खडखडाटात झोपत आलोय आम्ही. २५ मार्चच्या रात्री शांततेमुळं घरात कुणालाच झोप लागंना.

कामगार बरेचसे उत्तरेकडचे, ते गावाकडं गेले. बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, निम्मं कापड तसंच. पप्पा रोज जाऊन मागांना तेल द्यायचे, जनावराला वैरण टाकावी तसं. मी आईकडून तुटलेला धागा जोडायला शिकले. ती दोन बोटांत, न बघता, बोलता बोलता गाठ मारते. टेक्स्टाईल डिझाईनच्या तिसऱ्या वर्षाला असून मला ती जमायला नऊ दिवस लागले. शेवटी रिपोर्ट त्या एका गाठीवरच केला, फोटो १६, सगळे आईच्या बोटांचे. तिला अजून वाटतं की मी कॉलेजला फसवलं.

सही-शिक्का

मी मिलानमध्ये कम्युनिकेशन डिझाईन करत होते. तिथली विद्यापीठं २४ फेब्रुवारीलाच बंद झाली, तेव्हा घरचे म्हणत होते, "तिथं काय ते, तू इकडे ये." महिन्याभरात उलटं झालं.

घराबाहेर पडायचं तर 'मी अमुक कारणासाठी चाललो आहे' असा स्वघोषणेचा फॉर्म जवळ हवा. मार्चमध्ये तो पुन्हापुन्हा बदलला. माझ्याकडे प्रिंटर नव्हता, म्हणून दर वेळी नवा फॉर्म हाताने उतरवून काढायचे. चौथ्यांदा उतरवताना कळलं की त्यातली निम्मी वाक्यं कुणीच वाचत नसणार. सेमिस्टरचा प्रोजेक्ट तोच केला: आजीबाईंना चष्म्याशिवाय भरता येईल असा फॉर्म.

सलोने देल मोबिले हा तिथला फर्निचरचा मोठा मेळा एप्रिलचा जूनवर गेला आणि मग रद्दच झाला. माझी इंटर्नशिप त्याच्याच भरवशावर होती.

कीफ्रेम

अल्पमत नोंदवतो. मला ते वर्ष लाभलं. अ‍ॅनिमेशनचं ब्लेंडर सॉफ्टवेअर फुकट, प्रवास शून्य, आवाज कपाटात गाद्या लावून रेकॉर्ड केला. साडेतीन मिनिटांची फिल्म पूर्ण झाली, तेवढं सलग काम आधी नाही आणि नंतरही नाही. शिव्या घालू नका.

पावती

वर्कशॉपची फी मात्र पूर्ण घेतली हो. नावं नकोत म्हणालात, म्हणून एवढंच.

गुण्या

मी ज्युरीच्या पलीकडच्या चौकोनातला. शिकवतो. 'फ्रीझ झालास' म्हणणाऱ्यांतला एक, धागाकर्त्याची माफी.

कॉलेजं २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली, जानेवारीत परत बंद, १ फेब्रुवारीपासून पुन्हा सुरू. या सगळ्यात दुसऱ्या वर्षाची पोरं प्रथमच वर्कशॉपमध्ये आली. स्क्रीनवरचं काम असं की आम्हाला लाज वाटावी. एकाने सागवानी स्टूल केलं होतं, पाय ८ मिलिमीटरचे. सावली काय पडलेली, लाकडाचे रेषे काय, आणि बसलं की काडकन!

वर्कशॉपचे मामा काही बोलले नाहीत. प्रत्येकाला लाकडाचा ओबडधोबड तुकडा आणि कानस दिली. "सगळ्या बाजू काटकोनात आणा." संध्याकाळपर्यंत एकाचाही तुकडा बसेना. मामा गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून तुकडा खिडकीकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला की परत. चौथ्या दिवशी पहिला पास झाला, तोवर त्याचा फासा झाला होता. हातांना फोड आले, दोन पालकांचे फोन आले.

त्या आठवड्याच्या शेवटी स्टूलवाल्याने कुणी न सांगता फाईल उघडून पाय ८ चे २५ केले. मी कौतुकाने मामांना सांगायला गेलो.

"२५ पण कमीच आहेत," मामा म्हणाले. "त्याला म्हणावं, आधी एक पाय करून आण."