संत्र्याच्या पट्ट्यांचा हिशेब ठेवणारे अॅप : सुरुवात कुठून करावी?

काटोलकर (प्रश्न) :
नमस्कार. मी नागपुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग असून आंबिया बहाराचा माल कळमना बाजारात जातो. विक्रीनंतर मिळालेल्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) बाबा वहीत खोचून ठेवतात. मागच्या हंगामात त्यांपैकी तीन हरवल्या आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता हाती किती आले, हे शेवटपर्यंत जुळले नाही. हा हिशेब ठेवणारे अँड्रॉइड अॅप स्वतः करावे, अशी मनापासून इच्छा आहे. कोडिंग कधी केलेले नाही. लॅपटॉपची रॅम 8 जीबी आहे. आधी भाषा शिकावी की आराखडा करावा?

धरमपेठवासी :
आधी आराखडा, आणि तोही कागदावर. काकांच्या किराणा दुकानासाठी मी उधारीचे अॅप केले, तेव्हा थेट कोड लिहायला बसलो. दोन महिने गेले आणि काकांनी ते दुसऱ्याच दिवशी बंद केले, कारण एका नोंदीसाठी त्यांना नऊ रकाने भरावे लागत होते आणि गिऱ्हाईक तोवर समोर उभे राहत होते. म्हणून वहीच्या पानावर फोनएवढा चौकोन आखा, बाबांसमोर एक खरी पट्टी ठेवा आणि त्यांचे बोट आधी कुठे जाते ते काहीही न सुचवता पाहा. बटणे किमान 48 डीपी (अँड्रॉइडमधले पडद्यावरच्या आकाराचे एकक), म्हणजे साधारण 9 मिलिमीटर ठेवा. मराठी मजकुराच्या ओळींत पुरेसे अंतर सोडा, नाहीतर वेलांट्या आणि रफार कापले जातात.

मानेवाडा :
फक्त अँड्रॉइड हवे असेल तर कोटलिन शिका. गूगलने 2019 पासून अँड्रॉइडसाठी याच भाषेला प्राधान्य दिले आहे. अॅपचे पडदे रचण्यासाठी गूगलचे जेटपॅक कंपोज हे साधन वापरा. 8 जीबी रॅमवर एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा आभासी फोन) फार रखडतो, त्यामुळे स्वतःचा फोन केबलने जोडावा : सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यांतले यूएसबी डिबगिंग सुरू करावे, म्हणजे अॅप केबलने फोनवर चढवून तपासता येते. बागेत रेंज असेलच असे नाही. तेव्हा नोंदी रूम या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) फोनमध्येच साठवा. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा : रक्कम रुपयांच्या दशांशात न ठेवता पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा (12.50 रुपये म्हणजे 1250 पैसे). संगणकाच्या द्विमान (0 आणि 1 या दोनच अंकांच्या) दशांशात 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही, आणि शंभर पट्ट्यांच्या बेरजेत असा फरक शोधत बसणे फार त्रासाचे असते.

सीताबर्डी :
प्ले स्टोअरचा विचार सध्या नको. तिथे नोंदणीचे एकदाच 25 डॉलर लागतात आणि नव्या वैयक्तिक खात्याला, अॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी, किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. घरच्या फोनवर अॅप केबलनेच चढवता येते. त्याऐवजी नोंदींची प्रत फोनबाहेर कशी जाईल ते आधी ठरवा, कारण वहीसारखा फोनही हरवतो.

काटोलकर :
सर्वांचे आभार. काल रात्री बाबांसमोर कागद ठेवला. त्यांनी एकही रकाना भरला नाही, पट्टी उचलून म्हणाले, “हिचा फोटोच काढून ठेव ना, आकडे मी घरी जाऊन सांगतो.” त्यामुळे पहिल्या पडद्यावर आता फक्त कॅमेऱ्याचे बटण आणि तारीख आहे. कोटलिनचा अभ्यास आज सुरू केला.