मदत हवी आहे: मरताना केलेला पश्चात्ताप पुरतो का?

नमस्कार. मी सोलापूरची, ख्रिस्ती घरातली. नात्यातले एक काका मागच्या महिन्यात गेले. जन्मभर दारू, काकूला मारहाण, तिने विड्या वळून आणलेली मजुरीसुद्धा हिसकावून घ्यायचे. शेवटच्या दोन दिवसांत खूप रडले, प्रार्थना केली. पाळकसाहेब म्हणाले, तारण झालं. काकू गप्पच होती. तिची माफी कुणी मागितलीच नव्हती!

बायबलमधल्या लूक 23 मधला वधस्तंभावरचा चोर मला माहीत आहे, मरता मरता येशूकडे वळला आणि त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. मत्तय 20 मधले द्राक्षमळ्यातले मजूरही. शेवटच्या तासाला आले, तरी दिवसभराची मजुरी मिळाली. पण त्यांना बिचाऱ्यांना काम मिळालं नव्हतं एवढंच, त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर म्हणतो, तारण फक्त विश्वासाने. याकोब 2 म्हणतो, क्रियांवाचून विश्वास निर्जीव. मेळ कसा घालायचा? शेजारच्या माळकरी आजी म्हणाल्या, "अगं, आमचा अजामिळ तरी काय वेगळा?" तो जन्मभर पापं करून मरताना नारायणाचं नाव घेतलं म्हणून सुटला. म्हणजे हा पेच तिकडेही आहेच.

देवाने माफ केलं असेल, पण काकूचं देणं कोण फेडणार? यावर मराठीत वाचण्यासारखं काही आहे का? आणि तिच्याशी काय बोलू? रविवारी उपासनेनंतर तिच्याकडेच जायचंय.